उत्तर कॅनडातील घरटंचाई : भत्ते वाढवून परिचारिका आणि शिक्षक टिकतील का?

दिवेलागण (धागालेखक)

माझी धाकटी बहीण ऑटवात परिचारिका आहे आणि गेले काही महिने ती नुनावुतमधील नोकऱ्यांच्या जाहिराती वाचते आहे. तिच्याबरोबर मीही वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पगार, उत्तरेचा भत्ता, विमानभाडे, सामान हलवण्याचा खर्च यांचा जाहिरातीत भरभरून उल्लेख असतो. पण खरा फरक शेवटाकडच्या एका ओळीने पडतो. या पदासाठी सवलतीच्या भाड्याचे निवासस्थान उपलब्ध आहे किंवा नाही, एवढेच त्या ओळीत सांगितलेले असते. 'नाही' असे लिहिलेल्या जाहिराती पुन्हा पुन्हा येताना दिसतात.

ज्यांना या प्रदेशाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी वायव्य प्रदेशांतून वेगळा झाला. क्षेत्रफळ कॅनडाच्या सुमारे एक पंचमांश, वस्त्या पंचवीस, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ३६,८५८. एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता कुठेही नाही. राजधानी इकालुइतमध्ये ७,४२९ लोक राहतात आणि दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेल्या सदनिकेला महिन्याला अडीच हजार डॉलरांच्या वर भाडे पडते, अर्थात मुळात रिकामी सदनिका सापडली तर. प्रादेशिक सरकारने २०२२ मध्ये '२०३० पर्यंत ३,००० घरे' अशी योजना जाहीर केली आहे.

माझे मत असे आहे की उत्तरेत डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि अभियंते यांची टंचाई आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुतांशी घरांचीच टंचाई असते. घरे तेवढीच ठेवून भत्ते वाढवत राहिले तर तो पैसा शेवटी घरमालकाच्या खिशात जातो. ज्यांनी उत्तरेत, मग ती कोणत्याही देशाची असो, नोकरी केली आहे त्यांनी सांगावे : स्वस्त घरामुळे माणूस येतो हे उघड आहे, पण त्यामुळे तो टिकतो का? आणि बहिणीने करारात काय काय पाहून घ्यावे?

कोकमसार

आमच्याकडे घरमालकाला भाडेकरू शाकाहारी, नोकरदार आणि शक्यतो अविवाहित नसलेला लागतो. तिथल्या घरमालकाच्या अटी काय असतात?

ध्रुवाजवळ

@कोकमसार, तिथे घरमालक म्हणजे बहुधा सरकार, नाहीतर सरकारला घरे भाड्याने देणारी एखादी कंपनी. अट एकच असते. नोकरी सुटली की किल्ली परत करायची.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि नुनावुतमधील बॅफिन बेटावरील काही इमारतींच्या देखरेखीसाठी माझे तिथे येणे-जाणे होते, म्हणून घरे इतकी महाग का पडतात, एवढ्यापुरते लिहितो. तिथली जमीन काही फुटांखाली बारमाही गोठलेली असते. घर थेट जमिनीवर टेकवले तर घराची ऊब खाली झिरपते, बर्फ वितळतो आणि घर एका कोपऱ्याने खचू लागते. म्हणून घर लोखंडी खांबांवर किंवा खाली स्क्रू-जॅक लावलेल्या चौकटीवर उचलून बांधतात आणि त्याच्या पोटाखालून वारा खेळता ठेवतात. जॅकवरचे घर अधूनमधून पुन्हा पातळीत आणावे लागते. स्वयंपाकघराचे दार एकाएकी घासू लागले तर सुताराला बोलावून उपयोग नसतो, जॅक फिरवणाऱ्याला बोलवावे लागते.

खिळ्यापासून छपरापर्यंत सगळे साहित्य दक्षिणेतून जहाजाने येते आणि समुद्र मोकळा असतो तो साधारण जुलै ते ऑक्टोबर. बहुतेक वस्त्यांना धक्का नाही. जहाज दूर नांगर टाकते आणि माल तराफ्यावर चढवून भरतीची वेळ साधून किनाऱ्याला लावतात. एखादी खिडकी वाटेत फुटली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे प्लायवूड ठोकून बसायचे, नाहीतर विमानाचे भाडे मोजायचे. कुशल सुतार आणि नळकारागीरही दक्षिणेतून येतात आणि त्यांनाही राहायला घर लागते! घरे बांधण्यासाठी आधी घरे हवीत, हा तिथला जुना विनोद आहे. या सगळ्यामुळे बांधकामाचा खर्च दक्षिणेच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो.

घर मिळाल्यावरही खर्च संपत नाही. इकालुइतसारख्या मोजक्या वस्त्यांचा काही भाग सोडला तर पाणी टँकरने येते आणि सांडपाणी टँकरने जाते. घरात दोन टाक्या असतात. सांडपाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद पडतो. मग चांगल्या पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी नळाला थेंब येत नाही. वादळात टँकर निघत नाहीत, त्यामुळे हवामानाचा अंदाज पाहूनच कपडे धुवायला काढतात. वीज पंचवीसच्या पंचवीस वस्त्यांत डिझेलवर तयार होते आणि घरे तापवायलाही तेलच जाळतात. त्यामुळे सवलतीचे भाडे म्हणजे नेमके काय, त्यात तेल, पाणी आणि वीज धरली आहे का, हा तुमच्या बहिणीने विचारायचा पहिला प्रश्न.

अधिक_उणे

धागालेखकाच्या भत्त्यांविषयीच्या मताला आकड्यांचा आधार देतो. उत्तरेत राहणाऱ्यांना केंद्राच्या आयकरात निवास वजावट मिळते. अतिउत्तरेकडील पट्ट्यात ती जास्तीत जास्त दिवसाला २२ डॉलर आहे, त्याच्या दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात निम्मी. पूर्ण वर्षाचे ८,०३० डॉलर होतात. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. म्हणजे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे सुमारे २,४०० डॉलर वाचतात. धाग्यात दिलेले इकालुइतचे भाडे पाहिले तर वर्षभराच्या सवलतीत एक महिन्याचेही भाडे निघत नाही.

दुसरे आमिष शैक्षणिक कर्जमाफीचे. ठरावीक ग्रामीण व दुर्गम ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांना पाच वर्षांत ६०,००० डॉलरपर्यंत आणि परिचारिकांना ३०,००० डॉलरपर्यंत माफी मिळते. योजना चांगली आहे, पण कर्ज कॅनडाच्या केंद्र सरकारच्या विद्यार्थी योजनेतील असावे लागते. नागपूर किंवा मिरजेतून शिकून, तिथल्या बँकेचे कर्ज फेडत आलेल्या आपल्या मुलींना तिचा काडीचा उपयोग नाही.

मात्र धागालेखकाच्या निष्कर्षाशी मी निम्माच सहमत आहे. घर पुरवले की टंचाई संपेल, हे गृहीतक तपासायला हवे. सवलतीचे घर हाही एक भत्ताच आहे, फक्त विटांच्या रूपात दिलेला.

कोकमसार

विटा नाहीत हो तिथे, ध्रुवाजवळ यांनी आत्ताच सांगितले. लाकडाच्या रूपात म्हणा.

नांगरणी

इतके प्रतिसाद झाले, पण नुनावुतमध्ये आधीपासून कोण राहते हे कुणी लिहिलेच नाही. तिथल्या लोकसंख्येत दर सहा माणसांत पाच इनुइट, म्हणजे तिथले मूलनिवासी, आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार इनुइट प्रदेशांत राहणाऱ्या निम्म्याहून अधिक इनुइट लोकांची घरे दाटीवाटीची आहेत. दोन खोल्यांत तीन पिढ्या, बैठकीच्या खोलीत गाद्या, कोणी आधी झोपायचे ते ठरलेले. घरात माणसे जास्त झाली की बाष्प वाढते, थंड भिंतींवर बुरशी धरते आणि मुलांचा खोकला हटत नाही. क्षयरोगाचे तिथले प्रमाण उर्वरित कॅनडाच्या कित्येक पट आहे आणि त्याचा दाट घरांशी संबंध आहे.

ही स्थिती निसर्गाने आणलेली नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत शाळा, दवाखाना आणि स्वस्त घर यांची आश्वासने देऊन फिरस्त्या कुटुंबांना वस्त्यांत आणले गेले. १९५३ मध्ये तर उत्तर क्वेबेकमधील काही कुटुंबे उचलून अतिउत्तरेला ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट या ठिकाणी नेऊन ठेवली; त्याबद्दल केंद्र सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. नंतर १९९३ मध्ये केंद्राने नव्या सामाजिक घरांसाठीचा, म्हणजे कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांसाठीचा, निधीच थांबवला, आणि तोही लोकसंख्या तरुण आणि वाढती असलेल्या प्रदेशात. घरांसाठीची आजची रांग त्या निर्णयातून आली आहे.

आता त्याच गल्लीत शिक्षकासाठी राखून ठेवलेले घर उन्हाळाभर कुलपात असते आणि शेजारच्या घरात अकरा माणसे असतात. शेजाऱ्याच्या मनात काय येत असेल? 'व्यावसायिकांना आकर्षित करण्यासाठी परवडणारी घरे' हा शब्दप्रयोग ऐकायला बरा वाटतो. पण परवडणारी कोणाला आणि कोणाच्या आधी, हे त्यात येत नाही.

टिकणारा व्यावसायिक हवा असेल तर तो तिथेच जन्मलेला असतो. इकालुइतच्या आर्क्टिक कॉलेजात परिचर्येची पदवी घेता येते. अकित्सिराक विधी शाळेच्या पहिल्या तुकडीतून २००५ मध्ये अकरा इनुइट विधिपदवीधर बाहेर पडले. या लोकांना 'आकर्षित' करण्याची गरजच नाही. पण त्यातली एखादी मुलगी नोकरीला लागली की सार्वजनिक घराचे उत्पन्नाशी जोडलेले भाडे वाढते, स्वतःचे घर बांधणे आवाक्याबाहेर असते, आणि आजी-आजोबांसह सात जणांच्या घरात रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेने दिवसा झोपायचे कुठे?

दिवेलागण

@नांगरणी, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि चर्चा त्याच्याभोवती व्हावी असे मलाही वाटते. पण एक शंका राहते. आज दवाखान्यात परिचारिका नसेल तर त्याची झळ स्थानिक कुटुंबालाच बसते. रुग्णाला बाराशे-दोन हजार किलोमीटर दक्षिणेला विमानाने न्यावे लागते. स्थानिक परिचारिका तयार व्हायला वेळ लागणार. तोवर बाहेरच्यांसाठी राखीव घरे ठेवू नयेत का?

नांगरणी

ठेवावीत. पण ती एकूण घरांच्या हिशेबात धरूनच ठेवावीत, आणि स्थानिक नोकरदाराला त्यांवर तितकाच हक्क असावा.

वाळवण

मी उत्तर ऑन्टारियोत, जेम्स उपसागराच्या पश्चिमेकडील एका फर्स्ट नेशन (मूलनिवासींच्या) वस्तीत शिक्षिका होते. तिथे बारमाही रस्ता नाही. कडक हिवाळ्यात नदी आणि दलदल गोठली की काही आठवडे बर्फावरून गाड्या जातात, एरवी विमान. शिक्षकांच्या निवासाला तिथे सगळे 'टीचरेज' म्हणतात.

मुलाखतीत मला स्वतंत्र घर मिळेल असे सांगितले होते. पोहोचल्यावर कळले की घरात आणखी दोन शिक्षिका आहेत आणि माझ्या वाट्याला मधली खोली आहे. भांडायला जागा नव्हती, कारण पुढचे विमान चुकले तर जायचे कुठे? संस्थेचे नाव लिहीत नाही. त्यांच्याकडेही घरे नव्हती, हे नंतर दिसले. दोघी स्वभावाने चांगल्या होत्या, पण शाळेतल्या मतभेदांवर रात्री त्याच स्वयंपाकघरात, त्याच तीन खुर्च्यांवर बसून जेवणे कठीण असते. शेवटी आमच्यात एक नियम ठरला की फ्रीज उघडताना शाळेचा विषय काढायचा नाही.

माझ्या मते घराची जागा हा दुर्लक्षित मुद्दा आहे. आमच्या टीचरेजची रांग शाळेला लागून, गावापासून वेगळी, मोठ्या दिव्यांखाली होती. तिथे राहणाऱ्याला शेजारी असे नसतातच, नुसते सहकारी असतात. नंतर एका शिक्षकाला गावातल्या दोन घरांच्या मधले रिकामे घर मिळाले. त्याच्या दारात मुले येऊन बसत, शेजारचे आजोबा त्याला हंसाचे मांस देत, त्याच्या स्नोमोबिलचा पट्टा तुटला तर चार जण धावत. तो माझ्यानंतरही तिथेच राहिला. माझ्या घराचे भाडे त्याच्यापेक्षा कमी होते.

मी का सोडले, तर घरामुळे नव्हे. नवऱ्याला तिथे काम मिळण्यासारखे नव्हते आणि मुलीसाठी पाळणाघर नव्हते. एका माणसाला नोकरी दिली जाते, पण मुक्काम करायचा असतो तो कुटुंबाला.

तिसरी_घंटा

वाळवण यांचा प्रतिसाद आवडला. माझा अनुभव अगदी वेगळ्या उत्तरेचा आहे, कारण आमच्या गावात पैशाला तोटा नव्हता.

फोर्ट मॅकमरी हे अल्बर्टातील तेलवाळूचे गाव. आपल्याकडचे बरेच रसायन आणि यंत्र अभियंते तिथे होते, आहेत. तेलाचा भाव वर होता तेव्हा तळघरातली एक खोली मिळवण्यासाठीही ओळख लावावी लागे. कंपन्या घरभत्ता देत आणि तो जितका वाढे तितके भाडे वाढे, त्यामुळे भत्ता घरमालकाच्या खिशात जातो हे धागालेखकाचे म्हणणे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. फार हाल झाले ते शाळा, बँक आणि किराणा दुकानात काम करणाऱ्यांचे, कारण त्यांना तेलाचा भत्ता नव्हता पण भाडे मात्र तेलाच्या हिशेबाने होते.

पुष्कळांनी घरे विकत घेतली. २०१४ मध्ये तेल कोसळले, घरांचे भाव उतरले आणि मे २०१६ मध्ये वणव्याने सारे शहर रिकामे करायला लावले. सुमारे ८८,००० लोक एकाच रस्त्याने बाहेर पडले आणि सुमारे २,४०० इमारती जळाल्या. आमचे घर वाचले. पण पुढे ज्यांना बदली हवी होती त्यांना घर विकता येईना, कारण कर्ज भावापेक्षा मोठे होते. म्हणजे लोक टिकले खरे, पण अडकून पडले म्हणून टिकले. आकडेवारीत दोन्ही सारखेच दिसतात!

एलियट लेकचे उदाहरण मजेशीर आहे. ऑन्टारियोतील युरेनियमच्या खाणी नव्वदच्या दशकात बंद पडल्या, कामगारांची घरे रिकामी झाली, आणि गावाने ती घरे स्वस्तात देऊन निवृत्त लोक आणले. घरे परवडणारी होती आणि माणसेही आली. मात्र खाण कामगारांच्या जागी आता डॉक्टरांची जास्त गरज असलेली माणसे आली.

बर्च

उत्तर स्वीडनमधून लिहितो आहे. शेलेफ्टिओत बॅटरीचा मोठा कारखाना उभा राहिला, तेव्हा भारतातून पुष्कळ अभियंते आले, त्यांत मराठी मंडळीही होती. नगरपालिकेने आणि बांधकाम कंपन्यांनी घरे उभारली, शाळा वाढवल्या. मार्च २०२५ मध्ये त्या कारखान्याच्या कंपनीने, नॉर्थव्होल्टने, दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा घरटंचाई आपोआप मिटली, पण तशी कुणालाच मिटायला नको होती. परदेशातून आलेल्यांचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला, त्यामुळे चांगले घर असूनही सामान बांधावे लागले.

उत्तर स्वीडनमधल्याच किरुना गावाचे तर सगळ्यांनी वाचले असेल. लोहखाणीमुळे जमीन खचत असल्याने गावच सरकवत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये लाकडी चर्च आख्खे उचलून पाच किलोमीटर दूर नेले. खाणीने जुन्या घरांच्या बदल्यात नवी घरे दिली, पण नव्याचे भाडे जुन्यापेक्षा जास्त आहे आणि ही तिथल्या रहिवाशांची मोठी तक्रार आहे.

घर नोकरीशी पूर्णपणे बांधले तर काय होते ते नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर पाहावे. तिथल्या लाँगिअरबिएन या मुख्य गावातील बहुतेक घरे सरकारच्या किंवा मालक कंपन्यांच्या ताब्यात आहेत. नोकरी गेली की घर गेले आणि घर गेले की बेट सोडायचे. डिसेंबर २०१५ च्या हिमलोटात दोन माणसे गेली आणि काही घरे नष्ट झाली, तेव्हापासून टंचाई अधिकच जाणवली. तिथे माणसे सहसा काही वर्षांनी निघून जातात.

नॉर्वेने फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्स या आपल्या अगदी उत्तरेकडील भागांसाठी १९९० पासून दुसरी वाट धरली : तिथे राहून काम करणाऱ्याचा आयकर कमी आणि शैक्षणिक कर्जाचा ठरावीक भाग दरवर्षी माफ. ही सवलत घरावर किंवा मालकावर अवलंबून नाही, फक्त तिथे राहण्यावर आहे. नोकरी बदलली तरी ती जात नाही. मला हा फरक मूलभूत वाटतो.

सांगावा

मी गडचिरोली जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी होतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे ही अट आहे आणि घरभाडे भत्ता तिच्याशी जोडलेला आहे. कागदावर सगळे मुख्यालयी असतात आणि प्रत्यक्षात बरेच जण तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून ये-जा करतात. क्वार्टर असते, पण एखाद्याचे छत गळते आणि एखाद्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, तेव्हा मुख्यालयी कोण आहे ते गावाला लगेच कळते. तिथे राहणारे टिकले ते अटीमुळे नाही.

तिसरी_घंटा

डॉक्टरसाहेब, तुलना पूर्ण बसत नाही. गडचिरोलीत ये-जा करण्याची पळवाट आहे, म्हणून घर वाईट असले तरी पद भरलेले दिसते. नुनावुतमध्ये शेजारच्या गावाहून ये-जा करताच येत नाही. तिथे घर नसेल तर पद रिकामेच राहते, त्यामुळे टंचाई निदान लपत तरी नाही.

सांगावा

हे मान्य. उलट मी म्हणेन की आमच्याकडेही ती इतकी उघडी दिसली असती तर क्वार्टरची दुरुस्ती लवकर झाली असती.

अधिक_उणे

इथे एक वेगळा विचार मांडतो, तो अनेकांना रुचणार नाही. माणसाने टिकलेच पाहिजे, हा हट्ट का? वायव्य प्रदेशांतील हिऱ्यांच्या खाणींत बरेच कामगार एडमंटनसारख्या शहरांतून विमानाने येतात, पाळी करतात, परत जातात. आरोग्यसेवेतही एकच पद दोन परिचारिकांनी वाटून घेण्याची पद्धत आहे : एक काही आठवडे काम करते, ती गेली की दुसरी येते, आणि दोघींना मिळून एकच घर पुरते. शिवाय वाळवण यांनी सांगितलेला नवऱ्याच्या नोकरीचा आणि पाळणाघराचा प्रश्नही सुटतो, कारण कुटुंब दक्षिणेतच राहते. त्याच दोन व्यक्ती वर्षानुवर्षे येत राहिल्या तर गावाला ओळखीचे चेहरे मिळतात. कंत्राटी संस्थेने दर वेळी नवा माणूस पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

वाळवण

दवाखान्यात चालेल, शाळेत चालणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला दर सहा आठवड्यांनी नवी बाई देऊन पाहा.

नांगरणी

खाणींचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. दियाविक खाण २००३ पासून चालली आणि २०२६ मध्ये तिचे उत्पादन संपणार, हे आधीच ठरलेले होते. विमानाने येणाऱ्याचा पगार एडमंटनमध्ये खर्च होतो, मग वायव्य प्रदेशांच्या राजधानीत, येलोनाइफमध्ये, घरे बांधायला कोण पुढे येणार? पद वाटून घेण्याची पद्धत दवाखान्यासाठी मला मान्य आहे. पण त्यातून उरलेली घरे स्थानिक परिचारिकांना द्या, म्हणजे आपले दोघांचेही समाधान होईल.

अधिक_उणे

यावर आपले एकमत होईल असे वाटले नव्हते, पण होत आहे. एक भर घालतो. स्थानिक किंवा बाहेरचा, कुणीही स्वतःचे घर बांधायचे म्हटले तरी नुनावुतच्या वस्त्यांतील नगरपालिकेची जमीन विकत मिळत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळते. २०१६ मध्ये जमीन विक्रीला परवानगी द्यावी का यावर मतदान झाले, तेव्हा सगळ्या वस्त्यांनी नकार दिला. जमीन एकदा बाहेरच्या पैशाच्या हाती गेली की परत येत नाही ही त्यांची भीती होती, आणि फोर्ट मॅकमरीचे वर्णन वाचल्यावर ती मला रास्त वाटते.

ध्रुवाजवळ

चर्चा चांगली रंगली आहे, पण धागालेखकाच्या बहिणीचा प्रश्न अर्धवट राहिला आहे. मी पाहिलेल्या करारांवरून सांगतो.

घर स्वतंत्र की वाटून घ्यायचे, हे लेखी घ्यावे, आणि वाटून घ्यायचे असेल तर किती काळ आणि किती जणांत, हेही लिहून घ्यावे. वाळवण यांच्यासारखा प्रसंग अपवादाने येतो असे समजू नये. भाड्यात तेल, वीज, पाणी आणि सांडपाण्याचा टँकर धरला आहे का ते विचारावे. सवलतीच्या भाड्यामुळे करपात्र उत्पन्नात काही भर पडते का, हे कर सल्लागाराकडून तपासावे. कराराच्या मधेच पद बदलले, बाळंतपणाची रजा घेतली किंवा आजारपणाची लांब रजा झाली तर घर राहते की जाते, हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नंतर तोच आडवा येतो. नोकरी सोडल्यावर घर किती दिवसांत रिकामे करायचे आणि परतीच्या सामानाचा खर्च कोण देणार, हे पाहावे. दक्षिणेतले घर लगेच सोडू नये, जमल्यास वर्षभर भाड्याने द्यावे. आणि निघण्यापूर्वी त्या वस्तीत सध्या काम करणाऱ्या परिचारिकेशी फोनवर बोलावे. अधिकारी माहितीपत्रक पाठवेल, परिचारिका टाकीविषयी सांगेल.

दिवेलागण

ध्रुवाजवळ, मनःपूर्वक आभार. हा प्रतिसाद तिला तसाच्या तसा पाठवला. तिने कार्यालयाला लेखी विचारले तेव्हा उत्तर आले की पहिले काही महिने घर दुसऱ्या परिचारिकेबरोबर वाटून घ्यावे लागेल, स्वतंत्र घर रिकामे झाल्यावर मिळेल, तारीख सांगता येत नाही. पद वाटून घेण्याच्या पद्धतीविषयीही तिने विचारले आहे; अधिक_उणे यांचा तो मुद्दा तिला पटला, कारण तिचा नवरा ऑटवातली नोकरी सोडणार नाही. नांगरणी यांच्या प्रतिसादानंतर तिने आणखी एक प्रश्न धाडला : त्या दवाखान्यात स्थानिक परिचारिका किती आणि त्या कुठे राहतात? त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

कोकमसार

आई-बाबा दोन महिने राहायला आले तर चालते का तिथे?

ध्रुवाजवळ

स्वतंत्र घर असेल तर बहुधा चालते, तरी पाहुण्यांविषयीचे कलम वाचावे. वाटून घेतलेल्या घरात दुसरीची परवानगी लागेल. पाण्याचा टँकर ठरलेल्या वारांनाच येतो, त्यामुळे दोन माणसे वाढली की अंघोळी मोजून कराव्या लागतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.